गावातल्या घरून नोकरी करायची असेल तर: रेंज, वीज आणि एक खोली

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते की घटते, याचे उत्तर बऱ्याच अंशी काम करणाऱ्याच्या घरावर अवलंबून असते. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारल्याचे दिसले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो, पण प्रयोगात भाग घेण्यासाठी घरी ब्रॉडबँड आणि स्वतंत्र खोली असणे ही अटच होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. पुढे चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यामुळे गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण किंवा पेडणे तालुक्यातल्या गावातून अशी नोकरी करू इच्छिणाऱ्याने होकार कळवण्यापूर्वी आपल्या घराची नीट तपासणी करावी.

सुरुवात मोजणीने करावी. मोबाइलवर किती दांड्या दिसतात यावर विसंबू नये. स्पीड टेस्ट सकाळी, भर दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास, म्हणजे सारा वाडा मोबाइल पाहत असतो तेव्हा, अशी निरनिराळ्या वेळी घ्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत. बहुतेक जण डाउनलोडचाच आकडा पाहतात. व्हिडिओ बैठकीत आपला आवाज आणि चेहरा पलीकडे पोहोचतो तो अपलोडवर, आणि मोबाइल इंटरनेटवर तोच बहुधा अपुरा पडतो. भारतात ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आला, पण घरात एक जण बैठकीत आणि दुसरा ऑनलाइन वर्गात असेल तर तेवढ्याने भागत नाही. शक्य असल्यास ही मोजणी जोराच्या पावसातही करावी, कारण गोव्यात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या महिन्यांतच होते.

जोडणी निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा: फायबर थेट घरापर्यंत येणार आहे, की खांबावरच्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून पुढे तांब्याची तार? थेट फायबरच्या नेहमीच्या रचनेत एक्स्चेंज (कंपनीचे केंद्र) आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे उपकरण नसते, त्यामुळे गावातली वीज गेली तरी घरातला राउटर चालू ठेवता आला की इंटरनेटही चालू राहते. त्यासाठी मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरला लावायचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, पुरतो, फक्त राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून तो घ्यावा. खांबावरच्या पेटीला वीज लागत असेल तर ती पेटी बंद पडताच आपला यूपीएस निरुपयोगी ठरतो. अशा ठिकाणी दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड राखीव ठेवणे भाग आहे. मान्सूनपूर्व गडगडाटात अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवावा.

आपल्या चिरेबंदी घरांबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. जाड चिऱ्याची भिंत वाय-फायला मोठा अडथळा करते आणि अशा दोन भिंती आड आल्या तर आतल्या खोलीत जेमतेम संदेश जातो. जोडणी द्यायला येणारा कामगार तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे बहुधा पडवीतल्या खिडकीशेजारी, राउटर बसवून मोकळा होतो. त्याने भिंतीला भोक पाडण्यापूर्वीच कामाची खोली दाखवावी आणि तार तिथपर्यंत न्यायला सांगावे. ते जमत नसेल तर राउटरपासून टेबलापर्यंत लॅन केबल ओढावी. तेही शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झची जोडणी वापरावी, कारण तिचा वेग कमी असला तरी ती भिंतीपलीकडे अधिक पोहोचते.

मात्र सर्वांत अवघड मिळते ती खोली, आणि तिच्यावर घरातल्या बाईचा हक्क बहुधा शेवटी लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या ७३.७ टक्के स्त्रियांनी आणि ८२.९ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याची नोंद आहे. देशपातळीवर हेच प्रमाण अनुक्रमे ३३.३ आणि ५७.१ टक्के होते. आपण पुढे आहोत हे खरे, तरीही स्वयंपाकघरातून हाक आली की लॅपटॉप मिटून कोण उठते, हे या आकड्यांत दिसत नाही. घरातली सून किंवा मुलगी नोकरी करत असेल तर तिच्या कामाच्या वेळा सर्वांसमक्ष ठरवाव्यात, त्या वेळात दार बंद राहील हे मान्य करावे आणि चवथीच्या दिवसांतली रजा आधीच मागून घ्यावी. कामाचे स्वरूप तसे असल्यास, प्रसूतिरजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती करून आली आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. तिचा उल्लेख करून लेखी विनंती करावी.

इंटरनेटचे बिल आणि यूपीएसचा खर्च कोण सोसणार, जोडणी तुटल्यास तो वेळ कसा धरला जाणार, हेही कंपनीकडून नियुक्तीपूर्वीच लेखी घ्यावे.

ज्यांच्या घरी यातले काहीच जमत नाही, त्यांचा विचार गावाने करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. टाळेबंदीच्या काळात सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या मुलांनी रेंजसाठी डोंगर चढून अभ्यास केला. तशीच पाळी आता नोकरी शोधणाऱ्यांवर येऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत गावातला दुकानदारही परवाना किंवा नोंदणी शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. पण दुकानासमोर उभे राहून आठ तास नोकरी होत नाही. म्हणून ग्रामसभेत मागणी करताना नुसते ‘वाय-फाय द्या’ असे न म्हणता, पंचायतघर किंवा वाचनालयातली एक खोली, टेबल-खुर्च्या आणि विजेची पर्यायी सोय मागावी. मासिक बिल कोणत्या निधीतून भरले जाईल आणि कार्यालय बंद झाल्यावर खोलीची चावी कोणाकडे राहील, हे दोन मुद्दे ठरावातच लिहून घ्यावेत.