अमेरिकेत शिकायला जाताना: अभ्यासगट निवडण्याविषयी

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांना मी सर्वप्रथम हेच सांगते की, अभ्यासगट निवडताना केवळ आपल्या देशाच्या आणि आपल्या भाषेच्या मुलांमध्ये थांबू नका. वर्गातील वांशिक विविधता ही सौजन्याची बाब नसून ज्ञानाच्या अचूकतेशी तिचा थेट संबंध आहे, असे माझे ठाम मत आहे.

मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचे उदाहरण पाहा. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणावरून ही क्षमता मोजण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला १.१५९ ने गुणले जाई. त्यामुळे त्याचे मूत्रपिंड कागदावर अधिक सक्षम दिसे, आणि तज्ज्ञाकडे पाठवणी किंवा प्रत्यारोपणाच्या यादीतील नोंद लांबण्याचा धोका निर्माण होई. आमच्या वर्गात या सूत्रावर चर्चा झाली, तेव्हा रुग्णाचा वंश नेमका कोण ठरवतो आणि मिश्र वंशाच्या रुग्णाचे काय करायचे, हे प्रश्न एका कृष्णवर्णीय सहाध्यायिनीने उपस्थित केले. आम्हा बाकीच्यांसाठी तोवर तो फक्त एक गुणक होता. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीच या गुणकाविरुद्ध आवाज उठवला होता, आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने वंशाचा घटक वगळलेल्या सूत्राची शिफारस केली.

अशा गटाचा लाभ केवळ अल्पसंख्याकांच्या बोलण्यातून होतो असेही नाही. मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सॉमर्स यांच्या २००६ च्या अभिरूप ज्यूरींवरील (खटल्याचा निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या गटाची नक्कल करणाऱ्या गटांवरील) प्रयोगात, मिश्र गटांतील गोऱ्या सदस्यांनीही केवळ गोऱ्यांच्या गटांतील सदस्यांपेक्षा खटल्यातील अधिक तथ्ये मांडली आणि कमी चुका केल्या.

मात्र नुसते शेजारी बसून काही साधत नाही. वेगवेगळ्या समाजांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचे असतील, तर समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा हवा, या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडल्या होत्या. म्हणून संयुक्त प्रकल्प असलेले विषय आवर्जून घ्यावेत आणि कामाची वाटणी करताना विश्लेषण काहींकडे व टंकलेखन काहींकडे, असे होऊ देऊ नये. एखाद्या सहाध्यायाला त्याच्या संपूर्ण समाजाचा प्रवक्ता समजून प्रश्न विचारणे तर कटाक्षाने टाळावे. ते अन्यायाचे आहे आणि त्यातून उत्तरही चुकीचे मिळते.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेत वंशाचा निकष म्हणून वापर करणे घटनाबाह्य ठरवले. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदाराला निबंधात लिहिण्याची मुभा मात्र कायम आहे. कॅलिफोर्नियात १९९६ च्या सार्वमताने अशीच बंदी आल्यानंतर तेथील बर्कलीसारख्या सरकारी विद्यापीठात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रमाण घसरले होते. त्यामुळे विद्यापीठ निवडताना क्रमवारीबरोबरच त्या विभागातील विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची रचनाही तपासावी. अनेक विद्यापीठे अशी आकडेवारी जाहीर करतात.