फायरप्लेस कुठे बसवायची? नकाशा पक्का होण्याआधीची तयारी

घराचा नकाशा अजून पेन्सिलीतच असेल, तर सगळ्यांत आधी छपराचा आराखडा समोर घ्या. दिवाणखान्यातली मोकळी भिंत बघून फायरप्लेसची जागा ठरवली, की धुराडं छपराच्या भलत्याच ठिकाणी बाहेर पडतं. मग खोलीत धूर कोंडणं, पावसाचं पाणी झिरपणं, वरच्या बेडरूमच्या मधोमध विटांचा खांब येणं हे त्रास घर उभं असेपर्यंत सुटत नाहीत. म्हणून आढ्याची, म्हणजे छपराचे दोन उतार जिथे वर मिळतात तिथली, रेघ कुठून जाते ते बघा आणि तिच्या शक्य तितक्या जवळ, घराच्या आतल्या बाजूला धुराड्याची जागा धरा. खाली फायरप्लेस कुठे येईल, हे तिथून ओळंबा सोडून ठरवा.

आढ्याजवळच का, ते उंचीच्या हिशोबातून कळतं. धुराडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथून ते किमान 3 फूट वर गेलं पाहिजे, आणि आडव्या मापाने 10 फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याहूनही किमान 2 फूट उंच हवं. आढ्यालगत हे काम साधारण 3 फुटांत भागतं. छपराचा उतार 30 अंशांचा असेल आणि धुराडं आढ्यापासून आडव्या मापाने 10 फूट लांब असेल, तर तेच जवळजवळ 8 फूट उघडं उभं राहतं. एवढा भाग वाऱ्यात गार पडतो, त्याला आधार द्यावा लागतो, आणि उतारावरून येणारं पाणी त्याच्या पाठीवर अडतं. उताराला आडवी येणारी त्याची रुंदी 30 इंचांहून जास्त असेल, तर वरच्या बाजूला पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा दुतर्फा उतार बांधायचा असतो. तो नकाशात आत्ताच दाखवा. नंतर केलेल्या जोडकामातूनच गळती सुरू होते.

धुराडं आत ठेवण्याचं कारण तापमानाचं आहे. बाहेरच्या भिंतीला लावलेलं धुराडं तीन बाजूंनी गार असतं. आग पेटवताना आत थंड, जड हवेचा स्तंभ बसलेला असतो. तो हलेपर्यंत धूर खोलीत येतो. पुढेही वायू वर जाताना लवकर निवतात आणि त्यांतली वाफ व डांबरासारखे अंश नळीच्या भिंतीवर चिकटतात. हाच क्रिओसोटचा थर पुढे धुराड्यातल्या आगीचं कारण होतो. घराच्या मध्यातून जाणारं धुराडं मात्र खोल्यांच्या उबेत राहतं, आणि त्याची धग भिंतीवाटे घरालाच मिळते. बाहेरच्या भिंतीवाचून पर्यायच नसेल, तर धुराड्याभोवती उष्णतारोधक थर असलेली बंदिस्त चौकट बांधून घ्या.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. थंडीत गरम हवा वर चढते, त्यामुळे अख्खं घर स्वतःच धुराड्यासारखं वागतं. दुमजली घराला जोडलेल्या बैठ्या खोलीत फायरप्लेस असेल आणि तिचं धुराडं मुख्य छपरापेक्षा ठेंगणं असेल, तर हवा वर खेचण्यात उंच घराची ओढ जिंकते. विझलेल्या फायरप्लेसमधूनही गार हवा आणि राखेचा वास खाली येत राहतो. म्हणून फायरप्लेस घराच्या उंच भागात घ्या आणि धुराड्याचं टोक घराच्या सर्वांत उंच उबदार भागाच्याही वर ठेवा. शेजारची उंच इमारत, मोठी झाडं, पाठीमागचा चढ यांवरून वारा खाली कोसळत असेल तर तेही साइटवर उभं राहून पाहून घ्या.

आता ओळंबा खाली येऊ द्या. मधल्या मजल्यावर बीम, जिना, कपाट, पाण्याची लाइन, विजेचा पाइप यांपैकी काय आड येतं, ते प्रत्येक मजल्याचा नकाशा एकावर एक ठेवून तपासा. नळी वळवावीच लागली, तर उभ्या रेषेपासून 30 अंशांहून जास्त तिरपी नको. प्रत्येक वळण ओढ कमी करतं आणि काजळी साठवतं. विटांच्या धुराड्याभोवती लाकूड असेल, तर धुराडं घराच्या आत किंवा बाहेरच्या भिंतीत असताना 2 इंच आणि पूर्णपणे भिंतीबाहेर असताना 1 इंच मोकळी जागा सोडा. फायरप्लेसच्या पाठीमागे हे अंतर 4 इंच. हे आकडे अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतले आहेत. तुमच्याकडचे नियम अधिक कडक असतील तर ते पाळा. ती जागा कापूस, फोम किंवा लाकडी फळीने भरू नका. फक्त प्रत्येक मजल्याच्या पातळीवर न जळणाऱ्या साहित्याने ती बंद करा, म्हणजे आग फटीतून वर चढणार नाही. घर काँक्रीटचं असलं तरी लाकडी पॅनेल, फॉल्स सीलिंग आणि वायरिंग यांना अंतर लागतंच. तयार धातूची चिमणी घेणार असाल, तर उत्पादकाने छापलेलं अंतर पाळा आणि दोन कंपन्यांचे भाग एकत्र जोडू नका.

पाया वेगळा धरा. विटांच्या धुराड्याचं वजन काही टन असतं. ते फरशीच्या काँक्रीटवर टेकवलं तर जमीन खचून भिंतीपासून फट पडते. फूटिंग, म्हणजे पायाचा तळचा रुंद थर, किमान 12 इंच जाड आणि चारही बाजूंनी 6 इंच बाहेर, घट्ट जमिनीवर. जिथे माती गोठते तिथे गोठणरेषेच्या खाली. हे पायाच्या नकाशातच यायला हवं.

फायरप्लेसच्या तोंडाचं माप आणि धुराड्याच्या नळीचं माप एकत्रच ठरवा. गोल नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या एक-बारांश, चौकोनी नळीचं एक-दशांश, आणि लांबट आयताकृती नळीचं एक-अष्टमांश लागतं. 36 इंच रुंद आणि 28 इंच उंच तोंडाचं क्षेत्रफळ 1,008 चौरस इंच. त्याला गोल नळी 84 चौरस इंचांची, म्हणजे सुमारे 10.3 इंच व्यासाची. बाजारात 12 इंची मिळत असेल तर तीच घ्या. तोंड मोठं हवं म्हणून नळी तशीच ठेवणं, हे खोलीत धूर येण्याचं फार मोठं कारण आहे. आगीच्या कप्प्याची खोली किमान 20 इंच ठेवा. कप्प्याच्या वरची अरुंद मान तोंडाच्या वरच्या कडेपासून किमान 8 इंच उंच असू द्या आणि तिथे किंवा त्याच्या वर डँपर (नळी उघडबंद करणारी झडप) बसवा. प्रत्येक चुलीला किंवा स्टोव्हला स्वतंत्र नळी लागते.

उघडी फायरप्लेस हवी की इन्सर्ट, म्हणजे आत बसवायची काचेच्या दाराची बंद शेगडी, हेही नळीआधीच ठरवा. उघडी आग दिसायला सुंदर असते, पण लाकडातली बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते. घर तापवायचं असेल तर आमचा कौल इन्सर्टला. त्याची नळी लहान असते, बरेचदा 6 किंवा 8 इंची, त्यामुळे धुराड्याची रुंदीही कमी होते.

खोलीत आलात की आधी दारं बघा. बाहेरच्या दारासमोर फायरप्लेस नको. दार उघडताच वाऱ्याचा झोत धूर खोलीत ढकलतो. ये-जा करण्याची वाट आग आणि बैठक यांच्यामधून जाऊ देऊ नका. पुढचा न जळणारा ओटा तोंडाच्या पुढे 16 आणि बाजूंना 8 इंच असतो. तोंड 6 चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल, तर 20 आणि 12 इंच. वरच्या उदाहरणातलं तोंड 7 चौरस फुटांचं आहे, म्हणजे मोठं माप लागेल. तोंडाभोवतीची लाकडी चौकट आणि फळी तोंडापासून किमान 6 इंच दूर ठेवा, आणि 12 इंचांच्या आत असेल तर जेवढे इंच अंतर तेवढे अष्टमांश इंच, एवढीच ती पुढे येऊ द्या. फायरप्लेसच्या वर टीव्ही लावण्याचा मोह टाळा.

घर घट्ट बांधलेलं असेल आणि स्वयंपाकघरात जोरकस एक्झॉस्ट असेल, तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खेचतो. आगीला लागणारी हवा थेट बाहेरून आणणारी, झडप असलेली नळी फायरप्लेसपर्यंत घ्या. वातानुकूलनासाठी खोलीतली हवा परत ओढणारी जाळी त्याच भिंतीवर ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेडरूमच्या बाहेर, प्रत्येक मजल्यावर लावा.

धुराड्याच्या माथ्यावर उतार दिलेलं काँक्रीटचं झाकण हवं. त्याची कड विटांच्या पुढे 2 इंच काढून खालून पाणी तोडणारी खाच ठेवा. नळीच्या तोंडावर टोपी आणि ठिणग्या अडवणारी अर्ध्या इंचाची जाळी बसवा. छपराच्या सांध्यात पत्रा पायऱ्या-पायऱ्यांनी बसवून त्याची वरची कड विटांच्या सांध्यात आत घुसवा. नुसत्या सिमेंटच्या लेपाला काही हंगामांत भेगा पडतात. तळाशी राख काढायचं दार हात सहज पोहोचेल अशा बाजूला आणि बाहेरून उघडणारं ठेवा. वर्षातून एकदा नळी झाडायला माणूस छपरावर कुठून चढेल, तेही याच नकाशावर दाखवा. वाळलेलं लाकूड ठेवायची छपराखालची जागा फायरप्लेसच्या जवळच्या दाराबाहेर असू द्या.