आरोग्यधोरणाच्या प्रादेशिक नेटवर्कसाठी अर्ज करताना

आरोग्यधोरणात काम करणाऱ्या ‘उदयोन्मुख’ लोकांना एका प्रदेशातल्या वेगवेगळ्या देशांतून निवडून काही महिन्यांच्या कार्यक्रमात एकत्र आणणारी नेटवर्क असतात. त्यांच्यासाठी अर्ज करायचा तर सुरुवात कार्यालयाच्या परवानगीच्या पत्रापासून करा. बायोडाटा, हेतुपत्र, फोटो हे सगळं एका शनिवार-रविवारात उरकता येतं. वरिष्ठांची सही मात्र वरिष्ठांच्याच हातात असते आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ते हमखास दौऱ्यावर असतात. माझा पहिला अर्ज असाच हुकला. सगळं तयार होतं, पत्र तेवढं टेबलावरच्या फायलीत अडकलं होतं. तेव्हापासून मी मसुदा स्वतःच लिहून घेऊन जातो. ‘आमची हरकत नाही’ एवढ्यावर भागत नाही. निवड करणाऱ्यांना कळायला हवं की कार्यक्रम किती महिन्यांचा आहे, दरमहा किती तास तुम्हाला मोकळीक मिळेल आणि प्रत्यक्ष बैठकीला सोडणार की नाही. सरकारी नोकरीत असाल तर परदेशप्रवासाची मंजुरी आणि जाहीर बोलण्या-लिहिण्याची परवानगी या दोन वेगळ्या फायली असू शकतात. तेही आधीच विचारून ठेवा.

पत्र फिरतंय तोवर ‘प्रदेश’ म्हणजे कुठला, ते तपासा. जागतिक आरोग्य संघटनेचे सहा प्रदेश आहेत आणि ते शाळेतल्या नकाशाशी जुळतातच असं नाही. भारत आग्नेय आशिया प्रदेशात येतो, त्याचं कार्यालय दिल्लीत. शेजारचा पाकिस्तान मात्र पूर्व भूमध्य प्रदेशात, कार्यालय कैरोत. काही नेटवर्क हीच विभागणी घेतात, काही आपली वेगळी यादी करतात. ‘उदयोन्मुख’ या शब्दाचंही तसंच. कुठे वयाची अट, कुठे अनुभवाच्या वर्षांची, तर कुठे धोरणाशी थेट संबंध असलेल्या कामाची. अटीत बसतो की नाही अशी शंका असेल तर दोन ओळींचा ईमेल टाकून विचारा. त्यात कमीपणा नाही.

आता खरा वेळ जिथे द्यायचा ती गोष्ट, तुमचा प्रश्न. ‘मला आरोग्यव्यवस्था बळकट करायची आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या हेतुपत्रात असतं, म्हणून ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आरोग्यव्यवस्थेचे सहा घटक मांडले: सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं-लसी-तंत्रज्ञान, वित्त, आणि नेतृत्व व कारभार. बरेच अर्जदार सहाही घटकांना एकेक परिच्छेद देतात आणि वाचणाऱ्याला पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं वाटतं. एकच घटक घ्या आणि त्यातही एकच गाठ पकडा. उदाहरणार्थ: रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळायला हव्यात असं धोरण आहे, तरी लोक त्या बाहेरून विकत का घेतात? खरेदी उशिरा होते, मागणीचा अंदाज चुकतो, की चिठ्ठीच दुसऱ्या औषधाची लिहिली जाते?

प्रश्न पक्का झालाय का, हे बघायला एक जुनी चौकट मला अजून उपयोगी पडते. गिल वॉल्ट आणि लुसी गिल्सन या आरोग्यधोरणाच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये धोरणाचा त्रिकोण मांडला. तीन टोकांना संदर्भ, आशय आणि प्रक्रिया, मधोमध माणसं आणि संस्था. कागदावर त्रिकोण काढा आणि मधली जागा भरा: खरेदीची सही कोण करतं, उशीर झाला की कुणाचा फायदा, कुणाला विचारलंच जात नाही. ही जागा रिकामी राहिली तर तुमच्याकडे तक्रार आहे, धोरणाचा प्रश्न अजून तयार व्हायचाय. माझ्या कागदावर ती पहिल्यांदा रिकामीच होती. मी सगळा दोष ‘यंत्रणे’वर टाकून मोकळा झालो होतो.

मग आकडे. फार नकोत, पण आपल्या देशाचे चार-पाच तरी तोंडपाठ हवेत. आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा किती, सरकारचा किती, दरडोई खर्च किती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्यखर्चाच्या माहितीसाठ्यात २००० पासूनची मालिका सगळ्यांना खुली आहे. मात्र आकडा वाचताना जपून. कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी १० टक्क्यांहून जास्त पैसा उपचारांवर गेला की तो ‘आपत्तीजनक’ धरायचा, ही मोजणी वर्षानुवर्षं वापरली गेली. तिच्यात खर्च केलेलेच लोक दिसतात. परवडत नाही म्हणून दवाखान्याची पायरीच न चढलेला माणूस त्या आकड्यात कुठेच नसतो. मुलाखतीत हे नेमकेपणाने सांगणाऱ्या उमेदवाराला मी तरी दहा प्रमाणपत्रांपेक्षा वरचढ मानेन.

नेटवर्क प्रादेशिक आहे, तेव्हा शेजाऱ्यांचंही थोडं वाचून जायला हवं. आशिया-पॅसिफिकसाठी २०११ मध्ये सुरू झालेली एक ‘वेधशाळा’ (म्हणजे आरोग्यव्यवस्थांवर नजर ठेवून अभ्यास करणारी संस्था) देशवार आरोग्यव्यवस्थेचे आढावे काढते. त्यांची प्रकरणं साधारण एकाच साच्यात असतात, त्यामुळे दोन देश शेजारी ठेवून वाचता येतात. युरोपासाठी अशी वेधशाळा त्याआधीपासून आहे. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका. दोन देश निवडा आणि तुमच्या प्रश्नाचं प्रकरण तेवढं वाचा. थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण कसं आणलं, हे उदाहरण या वर्तुळात इतक्यांदा येतं की ते ठाऊक नसेल तर अर्धी चर्चा डोक्यावरून जाईल.

लिखाणाचा नमुना मागतात तेव्हा प्रबंधातलं प्रकरण पाठवण्याचा मोह होतो. आवरा. दोन पानी धोरण-टिपण द्या: अडचण काय, पर्याय कोणते, प्रत्येकाची किंमत कोण मोजणार, तुमची शिफारस कोणती. निर्णय घेणारा माणूस पहिला परिच्छेद वाचतो आणि मग पानं मागे-पुढे करतो, हे धरूनच लिहा. शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या मागे लागू नका, तुमचं काम जवळून पाहिलेला माणूस बरा. त्यांना तुमचं हेतुपत्र आणि दोन कामांची आठवण करून देणारा छोटा मजकूर पाठवा. नाहीतर ‘अत्यंत मेहनती व प्रामाणिक’ एवढंच लिहून येतं.

हितसंबंधांचं घोषणापत्र लोक शेवटच्या मिनिटाला भरतात. तसं करू नका. औषध कंपनीने केलेला प्रवासखर्च, सल्लागार म्हणून घेतलेलं मानधन, शेअर्स, जोडीदाराची नोकरी, सगळं आठवून लिहा. तंबाखू उद्योगाशी संबंध आहे का, हा प्रश्न वेगळा येऊ शकतो. २००५ पासून लागू असलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ५.३ धोरणांना त्या उद्योगाच्या हस्तक्षेपापासून जपायला सांगतं. सांगितलेला संबंध बहुतेक वेळा अडत नाही. लपवलेला नंतर सापडला की नाव कायमचं जातं.

अशा गटांत काही बैठका चॅटम हाउस नियमाने चालतात. नियम १९२७ चा आहे: ऐकलेलं वापरायला मोकळीक, पण कोण बोललं आणि बैठकीत कोण होतं ते बाहेर सांगायचं नाही. म्हणजे बैठकीतला समूहफोटो नावांसकट समाजमाध्यमावर टाकायचा नाही. हे नव्या लोकांकडून फार होतं.

किरकोळ गोष्टी एका दमात सांगतो: पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक असू द्या. संशोधन करत असाल तर ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक काढा, तो फुकट आहे. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा. बैठकीच्या वेळा लिहिताना शहराचं नाव जोडा. मनिलात दुपारचे २ वाजतात तेव्हा फिजीतल्या सुव्यात संध्याकाळचे ६ झालेले असतात, आणि दोन्ही शहरं एकाच प्रदेशात आहेत.

एका गोष्टीसाठी कुठे रकाना नसतो: तुम्ही काय देणार? आपल्या भाषेतला शासननिर्णय इंग्रजीत समजावून सांगणं, एखाद्या जिल्ह्याच्या आकडेवारीतली खोट दाखवणं, फसलेल्या योजनेची खरी हकीकत सांगणं, यातलं काहीही चालेल. ते एका वाक्यात हेतुपत्रात घाला. आणि निवड झाली तर पहिल्या सत्राआधी कार्यालयात तुमच्या मागे काम कोण बघणार, त्या सहकाऱ्याशी स्वतः बोलून घ्या. परवानगीच्या पत्रात त्याचं नाव नसतं, पण सत्र सुरू असताना फोन त्यालाच जाणार असतात.