ओळख नसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला भेट देताय? या चुका टाळा

आमच्या मुलाची मुंज झाली त्या रात्री हॉलवरून घरी आल्यावर आम्ही आहेर उघडायला बसलो. पत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं ठळक छापलं होतं, पण ते कोण मनावर घेतं! पाकिटं एका बाजूला, वस्तू एका बाजूला. ७ पेन सेट निघाले. ४ पाण्याच्या बाटल्या, ३ सायन्स किट, रिमोटच्या २ गाड्या, भिंतीवरचं एक घड्याळ आणि ह्यांच्या एका चुलत काकांनी दिलेले ६ टेनिस बॉल. बटू ते बॉल उशाशी घेऊन झोपला. बाकीचं बरंचसं माळ्यावर गेलं आणि खरं सांगते, त्यातले ५ पेन सेट पुढच्या दोन वर्षांत इतरांच्या मुंजींत पोचले.

त्या काकांनी मुलाला त्याआधी जेमतेम दोनदा पाहिलं होतं. मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, "अगं, वहिनींना फोन केला होता. विचारलं, नातू हल्ली कशावरून ओरडा खातो? त्या म्हणाल्या, जिन्यात बॉल आपटत बसतो आणि दोन दिवसांआड एक हरवून येतो."

तेव्हापासून मी तोच प्रश्न वापरते. पण त्याआधी माझ्याही हातून बऱ्याच भेटी फसल्या आहेत.

'त्याला काय आवडतं?' असं विचारणं

पहिली चूक दुकानात नाही, फोनवर होते. 'त्याला काय आवडतं?' या प्रश्नाला आपल्याकडे तीनच उत्तरं मिळतात. 'काही नको गं, उगाच खर्च कशाला', 'त्याला सगळं चालतं' आणि 'मोबाइल, दुसरं काय!' तिन्हींतून हाती काही लागत नाही. आईबापांनाही दोष नाही. दहाव्या वर्षी जे आवडतं ते अकराव्या वर्षी 'लहान मुलांचं' होऊन जातं, आणि ते कधी बदललं हे घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

तक्रार मात्र ताजी असते, आणि आया ती भरभरून सांगतात. 'सारखा तो रुबिक क्यूब खटखट करत असतो, डोकं उठतं.' 'डब्यांत किडे भरून आणतो.' 'मॅगीत काय वाट्टेल ते घालतो, ओटा भरवून ठेवतो.' 'वहीच्या मागच्या पानांवर नुसती चित्रं.' मुलाला ज्यावरून बोलणी खावी लागतात आणि तरी जे तो सोडत नाही, ते त्याला मनापासून आवडतं. वहीत चित्रं काढणाऱ्या त्या मुलासाठी मी चांगल्या जाड कागदाची स्केचबुक आणि काळ्या शाईची तीन वेगवेगळ्या जाडीची पेनं घेतली होती. त्याआधीच्या वर्षी त्याला कुणीतरी ४८ रंगीत खडूंची पेटी दिली होती. ती धाकट्या बहिणीकडे गेली होती, कारण तो मुळात रंगवतच नाही, रेखाटतो.

खोक्यावरचं वय न वाचणं

खोक्यावर '६+' लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, अकरा वर्षांचा आहे, म्हणजे चालेल. चालत नाही. तो आकडा कमीत कमी वय सांगतो, आणि या वयाची मुलं खोकं हातात आलं की सगळ्यात आधी तोच आकडा बघतात. मित्रांसमोर '६+' उघडावं लागलं तर त्या मुलाची भर कार्यक्रमात इज्जत जाते. दोन वयांच्या मध्ये अडलात तर मोठ्या वयाकडे झुका.

खोकं हातात आहेच तर आयएसआय चिन्हही बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. जत्रेत किंवा फुटपाथवर मिळणाऱ्या खेळण्यांवर ते सहसा नसतं.

मुलगा म्हणजे क्रिकेट, क्रिकेट म्हणजे बॅट

आधी हे पक्कं करा की तो खरंच खेळतो, नुसता बघत नाही. खेळत असेल तर पुढचा प्रश्न, कुठल्या बॉलने? सोसायटीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या मुलाला इंग्लिश विलोची महागडी बॅट देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ती सीझनच्या, म्हणजे चामड्याच्या बॉलसाठी असते. आधी तिला तेल लावावं लागतं, मग लाकडी हातोडीने तासन् तास ठोकून ती तयार करावी लागते. उलट तो कोचिंगला जात असेल तर टेनिस बॉलची बॅट त्याला तिथे काढताही येणार नाही.

बॅटचा नंबर वयावर नाही, उंचीवर ठरतो. साडेचार फुटांच्या पुढे साधारण चार नंबर, पाच फुटांच्या आसपास पाच किंवा सहा. या वयात पोरं वर्षात दोन-अडीच इंच सहज वाढतात, त्यामुळे गेल्या दिवाळीत पाहिलेल्या मुलाच्या अंदाजाने बॅट घेऊ नका. 'वाढत्या अंगाचा' सदरा चालतो, पण वाढत्या अंगाची बॅट घेतली की मनगटं दुखतात आणि फटका उशिरा बसतो.

मी बॅटच्या भानगडीत पडत नाही. बॉल देते, किंवा बॅटला चढवायची नवी ग्रिप. टेनिस बॉलमध्येही साधा आणि 'हेवी' असे दोन प्रकार असतात. मुलं त्यावरून भांडतात, म्हणून तेवढं विचारून घ्यायचं. फुटबॉलवाला असेल तर बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा बॉल, पुढे पाच.

छंद कळला, पातळी नाही

ही चूक समजूतदार माणसं करतात. क्यूब सोडवतो असं कळलं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टिकर लावलेला, कडक फिरणारा क्यूब आणला. हा मुलगा आता अर्ध्या मिनिटात क्यूब सोडवत असतो. त्याला आतून चुंबक बसवलेला, बोटाच्या एका धक्क्याने फिरणारा स्पीडक्यूब हवा असतो, आणि तो हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. तोही त्याच्याकडे असेल तर दुसऱ्या आकाराचं कोडं द्या: प्रत्येक बाजूला चार-चार ओळींचा ४×४, त्रिकोणी पिरॅमिन्क्स, बारा बाजूंचा मेगामिन्क्स. नाहीतर क्यूबमध्ये घालायचं सिलिकॉन तेल. शंभर-दीडशेची ती कुपी बघून मुलाचा चेहरा असा होतो की या बाईला हे माहीत कसं!

बुद्धिबळाचंही तसंच. डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये १८ व्या वर्षी जगज्जेता झाला, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर बुद्धिबळाचे क्लास लावलेली पोरं घरोघरी दिसू लागली. मग लोक त्यांना काचेचा किंवा संगमरवरी पट देतात. तो शोकेसमध्ये जातो, कारण त्यावर खेळायची कुणाची हिंमत होत नाही. खेळणाऱ्याला गुंडाळून ठेवता येणारा रेक्झिनचा पट आणि बुडाला वजन असलेल्या सोंगट्या हव्यात, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच. स्पर्धेत तसलाच पट असतो, आणि सराव त्यावरच झालेला बरा.

'ज्ञानवर्धक' भेटीचा मोह

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडाले. भाचेजावयांच्या भाच्याला मी एक दुर्बीण दिली. खोक्यावर शनीची कडी, रंगीत तेजोमेघ आणि मोठ्या अक्षरांत '५२५ पट'. मुलाने दोन रात्री गच्चीवर प्रयत्न केला. डुगडुगणाऱ्या स्टँडवर त्याला धुरकट पांढरा ठिपका दिसला, तोही पळणारा. तिसऱ्या रात्री दुर्बीण माळ्यावर गेली.

तो ५२५ चा आकडा कुठून येतो ते नंतर एका आकाशवेड्याने समजावलं. दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ७०० मिलिमीटर, सोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग. भागाकार केला की १७५. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की ५२५. हिशोब बरोबर, पण उपयोग शून्य. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला फार तर दुप्पट, एवढंच मोठं करण्यात अर्थ असतो. ६० मिलिमीटरचं भिंग असेल तर १२० पट झालं की संपलं. त्यापुढे फक्त धुरकटपणा मोठा होतो. म्हणून 'किती पट' हे ज्या खोक्यावर सगळ्यात ठळक आहे, ते मी आता उचलतच नाही.

आकाशाचं वेड असलेल्या मुलाला ७×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) द्या. सात पट आणि ५० मिलिमीटरची भिंगं. हाताला फार कंप जाणवत नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेचा झुपका, सगळं दिसतं. शनीची कडी दिसणार नाही, हे आधीच सांगून टाका. सूर्याकडे ती चुकूनही रोखायची नाही, हे त्याच्या वडिलांसमोर सांगा. आणि जूनमध्ये देऊ नका. आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत ढगच बघावे लागतात, तोवर उत्साह विझतो.

किडे डब्यात भरणाऱ्या पोरासाठी फोल्डस्कोप उत्तम. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी तयार केलेला हा घडीचा, कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो. कांद्याचा पापुद्रा, मुंगीचा पाय, डबक्यातलं पाणी. खिशात मावतो, पडला तरी फुटत नाही.

मराठी पुस्तक द्यायची इच्छा सगळ्यांनाच होते. मुलगा इंग्रजी माध्यमातला असेल तर तो मराठी किती सहज वाचतो हे आधी विचारा, नाहीतर ती भेट म्हणजे गृहपाठ होतो. वाचत असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक वर्षभरासाठी लावून द्या. १९७१ पासून चालू आहे, आणि दर महिन्याला पोस्टाने स्वतःच्या नावाने काहीतरी येणं या पिढीला फारच नवलाचं वाटतं.

घर न बघता वस्तू बघणं

रिमोटची गाडी दिली आणि सेल दिले नाहीत, की ती भेट अर्धीच. मूल रविवारी रात्री साडेनऊला बापाला सेल आणायला पिटाळतं आणि बाप तुमचं नाव काढतो. खोक्यावर 'सेल सोबत नाहीत' असं बारीक अक्षरात कुठेतरी असतंच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात धाकटं भावंड आहे का, हे विचारा. छोट्या, ताकदवान चुंबकगोळ्यांचे संच मोठ्या मुलाला आवडतात, पण दोन गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याच्या घड्यांमधून एकमेकींना चिकटतात, आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. घरात रांगतं बाळ असेल तर हे दोन्ही नकोच.

कपड्यांबद्दल एवढंच की घेऊ नका. गेमची कूपनं आणि टॉप-अप आईबापांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं मुळात पालकांच्या देखरेखीखालचं असतं, आणि त्या घरात त्यावरून आधीच युद्ध चालू असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही कशाला दारूगोळा पुरवता?

पाकीट द्यायचं तर

पाकिटात काही कमीपणा नाही. फक्त मुंजीतलं पाकीट आहेराच्या वहीत जातं आणि तिथून आईच्या कपाटात. मुलाच्या हाती काहीच लागत नाही. मी पाकीट आईबापांकडे देते आणि भिक्षावळीच्या वेळी त्याच्या झोळीत तांदळासोबत एक छोटी वस्तू टाकते. ती तो रात्री स्वतः शोधून काढतो.

ती छोटी वस्तू कोणती? काहीच माहिती नसेल तर माझ्या यादीत चार गोष्टी आहेत. चांगला छोटा टॉर्च. पत्त्यांचा प्लॅस्टिकचा कॅट, जो उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे जातोच. घडी होणारं दहा पट भिंग. आणि कॅरमचा स्वतःचा स्ट्रायकर, नियमाप्रमाणे १५ ग्रॅमपर्यंतचा. कॅरम बहुतेक प्रत्येक सोसायटीत असतो, पण सगळे एकाच टवका उडालेल्या स्ट्रायकरवर भागवत असतात.

फसलीच तर

भेट देताना 'उघड बघू, आवडलं का?' असं चारचौघांत विचारू नका. अकरा वर्षांच्या मुलाला खोटं हसता येत नाही आणि आई मागून डोळे वटारत असते. बिल आईकडे द्या, आणि बदलायची मुदत किती दिवस आहे ते तिथेच सांगा. पुन्हा भेटाल तेव्हा 'वापरतोस का रे?' हा प्रश्न गिळा. वस्तू दिसत नसेल तर ती गेली, सोडून द्या.

परवा एका मैत्रिणीच्या नातवासाठी फोन केला होता. ओरडा कशावरून खातो? ती म्हणाली, "काय सांगू, सारखा फ्रिज उघडतो आणि दार मिटताना आतला दिवा कधी विझतो ते फटीतून बघत बसतो. घरातली तीन घड्याळं खोललीयेत." त्याच्या आईला विचारून बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच घेतलाय, आणि आमचं बंद पडलेलं मुंजीतलं घड्याळ सोबत देणार आहे, खोलायला. त्यांच्या फ्रिजची जबाबदारी माझी नाही.