जर्मनीचा निकाल वाचायचा तर उजवा रकाना धरा

23 फेब्रुवारी 2025 ला आउग्सबुर्गमध्ये मी जर्मन नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं. सांगलीहून वहिनीने विचारलं, "तुमच्याकडे कोण आलं गं निवडून?" मी म्हटलं, सीएसयू या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या पक्षाचे फोल्कर उलरिश. चुकलंच माझं. उलरिश पहिले आले, पण खासदार झाले नाहीत. इथे नव्याने मत देणाऱ्या आपल्या माणसांची अशी चूक होऊ नये, म्हणून सांगते.

इथे प्रत्येकाला दोन मतं असतात. मतपत्रिकेवर डावीकडे पहिल्या मतासाठी काळ्या अक्षरांत उमेदवार असतात, उजवीकडे दुसऱ्या मतासाठी निळ्या अक्षरांत पक्ष. लोकसभेच्या सवयीने आपली नजर आधी डावीकडे जाते. ती आवरा. कोणत्या पक्षाला किती जागा, हे उजवीकडचं दुसरं मत ठरवतं.

म्हणून दुसऱ्या मतांची टक्केवारी घ्या आणि 5 टक्क्यांखालचे पक्ष खोडा. तीन मतदारसंघ जिंकलेला पक्ष मात्र ठेवायचा. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ही अट नाही, त्यांची एक जागा आली. बीएसडब्ल्यू हा पक्ष 4.98 टक्क्यांवर अडकला, एफडीपी हा पक्ष 4.3 वर. अशी जवळपास 14 टक्के मतं जागावाटपातून बाद झाली. मला हे फार लागतं.

आता उरलेल्या 86 टक्क्यांनाच पूर्ण धरा. सीडीयू आणि तिचा बायर्नमधला जोडीदार सीएसयू यांना मिळून 28.5 टक्के मतं, म्हणजे उरलेल्यांतला 33 टक्के वाटा. 630 जागांपैकी 208.

पक्षाच्या जागा पुढे राज्यवार वाटल्या जातात. बायर्नमध्ये सीएसयू सगळ्या 47 मतदारसंघांत पहिला आला, पण दुसऱ्या मतांवर वाट्याला जागा 44. मग ज्या विजेत्यांची पहिल्या मतांची टक्केवारी सर्वांत कमी, ते तिघे बाहेर राहिले. त्यांत आमचे उलरिश. देशभरात असे 23 जण. पूर्वी अशा विजेत्यांना ठेवून सभागृहच वाढवत, 2021 मध्ये ते 736 वर गेलं होतं. 2023 च्या कायद्याने 630 ची मर्यादा घातली. शहरातून पहिला आलेला माणूस संसदेत नाही याचं वाईट वाटतं, तरीही मला हा कायदा पटतो: मतांच्या प्रमाणात जागा, हेच तर दुसऱ्या मताचं वचन आहे.

शेवटी बहुमत: 316. सीडीयू-सीएसयूचे 208 आणि त्यांच्याबरोबर सरकारमध्ये आलेल्या एसपीडी पक्षाचे 120 मिळून 328. पण चान्सलरसाठी मतदान गुप्त असतं. 6 मे 2025 ला सीडीयूचे फ्रीडरिश मेर्त्स यांना पहिल्या फेरीत 310 च मतं पडली, दुसऱ्या फेरीत 325 मिळाली तेव्हा ते चान्सलर झाले.