पावसाळी पशुपालन सल्ला: दगडी (कासदाह), हाताची जखम आणि खवा – स्टॅफिलोकोकसची वाट तोडा

पावसाळ्यात गोठ्याची जमीन वाळत नाही. जनावर शेण-चिखलात बसतं, सड भिजलेले राहतात आणि कासेच्या तक्रारी वाढतात. याच दिवसांत भात लावणी, भांगलण, उसाचा पाला काढणं चालू असतं, त्यामुळे धार काढणाऱ्याच्या बोटांवर चिरा आणि पायांत चिखल्या असतात. पुढे गौरी-गणपतीला खवा-पेढ्याची मागणी वाढते. या तिन्ही ठिकाणी एकच जिवाणू नुकसान करतो: स्टॅफिलोकोकस ऑरियस. गळू, करट, नखुर्डं यांतला पू बहुतेक वेळा याचाच असतो. साधारण चारपैकी एका निरोगी माणसाच्या नाकातही तो काही त्रास न देता राहतो. म्हणून नाक पुसलेला किंवा पिकलेला हात सडाला लागू द्यायचा नाही.

दगडी झाली की पहिला दोष चिखलाला दिला जातो. काही जिवाणूंच्या बाबतीत ते खरंही आहे. पण स्टॅफिलोकोकस मुख्यतः धार काढतानाच एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. हात, कास पुसायचं फडकं आणि मशीनचे लायनर (सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या) या त्याच्या वाटा आहेत. एकाच फडक्याने आठ गाईंच्या कासा पुसल्या, तर पहिल्या गाईचा संसर्ग आठवीपर्यंत पोचतो. प्रत्येक जनावराला वेगळं फडकं ठेवा. वापरलेली फडकी 10 मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवा. ऊन नसेल तर चुलीजवळ वाळवा, पण ओलं फडकं पुन्हा वापरू नका. कास फार मळलेली नसेल तर फक्त सड धुवा. सगळी कास धुतली की वरचं घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशी थांबतं आणि धार काढताना आत जातं. धुतल्यावर सड पूर्ण कोरडे करायचेच.

पहिल्या तीन-चार धारा काळ्या रंगाच्या वाटीत घ्या. गाठी, पाणचट दूध, पिवळसर किंवा लालसर छटा लगेच दिसते. या धारा जमिनीवर सोडू नका, जनावर तिथेच बसणार असतं.

अंगठा मोडून धार काढायची सवय सोडा. अंगठ्याच्या हाडाने सडाचं आतलं अस्तर ठेचतं आणि जिवाणूला तिथे जागा मिळते. पूर्ण मुठीने पिळा. दुधाने बोटं ओली करून पिळणंही बंद करा. ओल्या हातावरून थेंब ओघळत सडाच्या तोंडाशी येतो.

धार संपली की सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून प्रत्येक सड लगेच पोव्हिडोन आयोडीनच्या 5 टक्के द्रावणात बुडवा. पाच भाग द्रावणाला एक भाग ग्लिसरीन मिसळलं तर सडाला भेगा पडत नाहीत. सड निदान अर्धा बुडाला पाहिजे, नुसता थेंब लावून उपयोग नाही. कपात उरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. मग जनावरापुढे वैरण टाका, म्हणजे ते अर्धा तास उभं राहील. आमच्या मते पावसाळ्यात एवढं एकच काम नेमाने केलं तरी नवी दगडी बरीच रोखली जाते. गोठ्यात सर्वांत जास्त टाळाटाळही याचीच होते.

मशीन असेल तर लायनरचा हिशेब ठेवा. साधारण 2500 धारांनंतर रबराला बारीक भेगा पडतात आणि त्यात जिवाणू राहतात. एका मशीनवर 10 गाई, दोन वेळा, म्हणजे रोज 20 धारा. चार महिन्यांत लायनर बदलायला येतो. दूध थांबल्यावर मशीन लावून ठेवलं तर सडाचं टोक सुजून बाहेर येतं.

खरी अडचण सुप्त दगडीची आहे. कास सुजत नाही, दूध दिसायला चांगलं असतं, पण उत्पादन हळूहळू उतरतं. दर पंधरवड्याला चारही सड तपासा. सीएमटीचं (सुप्त दगडी ओळखायच्या चाचणीचं) द्रावण नसेल तर 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि वाटी गोल फिरवा. मिश्रण घट्ट, तारदार झालं तर त्या सडात दोष आहे. असं जनावर शेवटी पिळा. क्रम असा: पहिलारू, मग निरोगी, मग उपचार चालू असलेली आणि शेवटी सदोष सडाची. विकत आणलेली गाय-म्हैस तपासल्याशिवाय रांगेत घेऊ नका.

औषधाची ट्यूब सडात सोडूनही तोच सड महिन्याभरात पुन्हा बिघडतो, कारण हा जिवाणू कासेच्या ऊतीत बारीक पुवाच्या गाठी करून आणि पेशींच्या आत दडून बसतो; तिथे औषध पुरेसं पोचत नाही. त्यामुळे दुकानातून मिळेल ती ट्यूब आणून सोडणं महागात पडतं. प्रतिजैविक देण्याआधी नमुना घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा सोडून 5 ते 10 मिली दूध निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत पोचवा. कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरून पशुवैद्य ठरवतील. कोरफड, हळद, चुन्याचा लेप लावायचा तर लावा, पण त्यापायी नमुना आणि उपचार लांबवू नका. आटवताना, विण्याच्या साधारण 60 दिवस आधी, पशुवैद्याच्या सल्ल्याने भाकड काळाची ट्यूब सोडली तर बरं होण्याची शक्यता दुभत्या काळापेक्षा जास्त असते. वारंवार उपचार करूनही सड सुधारत नसेल तर ते जनावर कळपातून वेगळं काढणंच शहाणपणाचं.

उपचार चालू असताना एका सडात ट्यूब असली तरी चारही सडांचं दूध लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत डेअरीला घालू नका. अर्धवट सोडलेल्या कोर्समुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. माणसांतही असा स्टॅफिलोकोकस आहे. मेथिसिलीन या प्रतिजैविकाला दाद न देणारा प्रकार 1961 मध्ये ब्रिटनमध्ये नोंदला गेला आणि आज तो जगभर आहे.

आता खव्याबद्दल. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कुंथलगिरीकडच्या खवा भट्ट्यांपासून घरगुती पेढ्यांपर्यंत सर्वांना लागू असलेली गोष्ट: उकळल्याने जिवाणू मरतो, त्याने आधीच सोडलेलं विष मरत नाही. अर्धा तास उकळलं तरी ते टिकतं. धारेचं दूध कोमट अवस्थेत पाच-सहा तास कॅनमध्ये राहिलं, तर नंतर आटवून ते सुधारत नाही. दूध लगेच गाळून 4 अंशांवर थंड करा किंवा लगेच भट्टीवर घ्या. खवा निघाल्यावर धोका पुन्हा सुरू होतो, कारण तो हाताने मळला जातो. मीठ-साखर आणि कमी ओल इतर जिवाणूंना अडवते, याला फारशी नाही. बोटावर नखुर्डं किंवा पिकलेली जखम असलेल्या माणसाने खवा, पेढा, पनीर यांना हात लावायचा नाही आणि धारही काढायची नाही. पर्यायी माणूस नसेल तर धारेसाठी जखमेवर पट्टी आणि वर हातमोजा. असा माल खाल्ल्यावर साधारण 1 ते 6 तासांत जोराच्या उलट्या, पोटात कळा, जुलाब होतात. ताप सहसा नसतो. विषाचा त्रास असल्याने प्रतिजैविकाचा उपयोग नाही. ओआरएस घोटघोट पाजा. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना गाठा.

स्वतःच्या अंगाचीही काळजी घ्या. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चिखल्यांच्या भेगांतून जिवाणू आत जातो. उसाच्या पात्याने कापलं तर लगेच धुऊन झाका. गळू पिळू नका, सुईने फोडू नका. गरम पाण्याच्या फडक्याने 10-15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेका. गळू असलेल्याचा टॉवेल आणि वस्तरा वेगळा ठेवा. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळू, ताप-थंडी, पसरत जाणारी लाली, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हा जिवाणू रक्तात उतरला तर हाडं आणि हृदयाच्या झडपांपर्यंत पोचतो. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या लहान जखमेसाठीही वाट पाहू नये.