वधस्तंभाचं चित्र कसं पाहावं: सुरुवात पायांपासून

ख्रिस्ती चित्रकला शिकवताना मी वधस्तंभाचं, म्हणजे क्रुसावर खिळलेल्या येशूचं, चित्र समोर ठेवते आणि सांगते, चेहऱ्याकडे नंतर वळा, आधी पाय बघा. चेहरा आपल्याला लगेच हेलावतो, आणि एकदा हेलावलो की बाकीचं दिसेनासं होतं. पायांपाशी मात्र शांतपणे तपासता येईल असं बरंच काही असतं.

पहिलं काम खिळे मोजण्याचं. पाय शेजारी-शेजारी असून प्रत्येकात वेगळा खिळा असेल, तर हातांचे धरून चार होतात. एका पायावर दुसरा ठेवून दोन्हींतून एकच खिळा ठोकला असेल, तर तीन. पश्चिम युरोपात तेराव्या शतकापासून तीन खिळ्यांची पद्धत रुळत गेली, म्हणून चार दिसले की चित्र त्याआधीचं आहे का किंवा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतलं आहे का, हे तपासावं. पण एवढ्यावरून काळ पक्का ठरवू नका. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझचं चित्र १६३२च्या सुमाराचं आहे आणि त्यात चार खिळे आहेत. त्याचे गुरू आणि सासरे पाचेको यांचा चार खिळ्यांचा आग्रह होता, तो जावयाने पाळलेला दिसतो.

खांबाच्या बुडाशी कवटी आहे का, तेही बघा. ती आदामाची. येशूचा वधस्तंभ पहिल्या माणसाच्या थडग्यावरच उभा राहिला, अशी जुनी समजूत होती. वरून ओघळणारं रक्त त्या कवटीवर पडताना दाखवलं असेल, तर चित्रकाराला म्हणायचंय की पहिल्या पापाची भरपाई इथे झाली.

आता चेहरा. डोळे उघडे आहेत की मिटलेले? या एका प्रश्नात शतकांचा इतिहास आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी वधस्तंभाचं दृश्य जवळजवळ रंगवलंच नाही. रोमच्या भुयारी दफनस्थळांत खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ दिसतो, माशाच्या तोंडातून सुटलेला योना दिसतो, सुटकेच्या गोष्टी दिसतात. रोमन जगात ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची लाजिरवाणी शिक्षा होती. ती ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली त्यांना ती भिंतीवर नको वाटली असेल, तर मला ते पटतं. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, पाचव्या शतकात, हे दृश्य येतं. पण येशूचे डोळे तिथे उघडे आहेत आणि क्रूस जेमतेम जाणवतो. तो मरत नाहीये, मरणाला जिंकतोय. जर्मनीतल्या कलोनच्या कॅथेड्रलमधला, गेरो या आर्चबिशपच्या नावाने ओळखला जाणारा लाकडी क्रूस मात्र दहाव्या शतकातला. त्यात मान कललेली, डोळे मिटलेले, पोट पुढे आलेलं. माझ्या मते ख्रिस्ती कलेतलं सगळ्यात मोठं वळण हेच आहे: देवाचं सामर्थ्य दाखवायचं की त्याची वेदना?

डावं-उजवं ठरवताना नेहमी येशूच्या बाजूने ठरवा, बघणाऱ्याच्या नव्हे. त्याची उजवी बाजू मानाची. तिकडे बहुधा त्याची आई मरीया असते, तिकडेच त्याच्यासोबत खिळलेल्या दोन चोरांपैकी पश्चात्ताप झालेला चोर, आणि भाल्याची जखमही बहुतेकदा त्याच बरगडीवर. डावीकडे त्याचा शिष्य योहान, तरुण आणि बिनदाढीचा. रशियन क्रूसावर पायाखालची फळी तिरकी असते. तिचं वर गेलेलं टोक त्या चांगल्या चोराच्या दिशेला असतं. पायाशी केस मोकळे सोडलेली, जवळ सुगंधी तेलाची कुपी असलेली स्त्री मरीया मग्दालीया.

इतकं ओळखता आलं की पुष्कळजण थांबतात. मला तिथे थांबणं पुरेसं वाटत नाही. चिन्हं ओळखून झाल्यावर विचारायचा प्रश्न असा: हे चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं?

ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली इझेनहाइमची वेदी घ्या. वेदी म्हणजे इथे चर्चमधल्या पूजास्थानामागे उभ्या केलेल्या रंगवलेल्या फळ्या. आता ती फ्रान्समध्ये कोल्मारच्या उंटरलिंडन संग्रहालयात आहे. येशूच्या अंगभर काटे रुतलेले, कातडी हिरवट, बोटं वेदनेने ताठरलेली. नुसतं पाहिलं तर हे क्रौर्य वाटतं. पण ती वेदी होती संत अँथनीच्या पंथाच्या मठात, आणि त्या मठात ‘संत अँथनीची आग’ या रोगाच्या रुग्णांची सेवा होत असे. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा हा आजार: अंगाची आग होई, हातपाय सडत आणि कापावे लागत. अशा माणसाला या चित्रात स्वतःसारखं शरीर दिसत होतं. बाजूंना संत सेबास्टियन आणि संत अँथनी आहेत, एक प्लेगच्या वेळी आळवला जाणारा, दुसरा याच रोगासाठी.

त्याच चित्रात येशूच्या डावीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, बाप्तिस्मा करणारा योहान (शिष्य योहान वेगळा) लांबलचक बोट येशूकडे रोखून उभा आहे. खरं तर हेरोद राजाने त्याचा शिरच्छेद येशूच्या मृत्यूआधीच करवला होता. चित्रात असा काळाशी न जुळणारा माणूस दिसला की तिथे थांबा. तो घटनेचा साक्षीदार म्हणून नाही, अर्थ सांगायला आलेला असतो. त्याच्या पायाशी कोकरू आहे, त्या कोकराच्या छातीतून वाहणारं रक्त प्याल्यात पडतंय. बलिदान आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), दोन्ही एवढ्याशा जागेत.

म्हणून पुस्तकात किंवा पडद्यावर असं चित्र आलं, की त्याची मूळ जागा शोधा. पुष्कळ फळ्या मोठ्या वेदीपासून सुटून आलेल्या असतात. दुच्चो या चित्रकाराची इटलीतल्या सिएनातली ‘माएस्ता’ ही वेदी (१३०८–११) दोन्ही बाजूंनी रंगवलेली होती: लोकांकडच्या बाजूला सिंहासनावरची मरीया, मागे धर्मगुरूंकडच्या बाजूला येशूच्या यातनांचे प्रसंग, त्यांत वधस्तंभाचा सगळ्यात मोठा. १७७१मध्ये ती करवतीने चिरून वेगळी केली गेली. बराचसा भाग सिएनातच आहे, काही तुकडे इतर देशांतल्या संग्रहालयांत पोहोचले. त्यातला एखादा तुकडा समोर आला, तर तो पुढचा की मागचा, एवढं आधी पाहून घ्या.